एक व्होल्ट, एक सप्तक

‘मॉड्यूलर सिंथेसायझर शिकायचा आहे, पैसे बेताचे आहेत, पहिल्यांदा काय घेऊ?’ असा प्रश्न एका वाचकाने विचारला आहे. सोबत फोटोही जोडला आहे: भिंतभर लाकडी चौकटी, त्यांत शेकडो बटणं, लुकलुकणारे दिवे आणि रंगीबेरंगी वायरींचं जंजाळ. एवढं सगळं लागतं का, हा त्यामागचा खरा प्रश्न असावा. अजिबात लागत नाही. त्या भिंतीमागची कल्पना तळहाताएवढ्या यंत्रातही पुरी मावते, आणि ती नीट कळली की काय घ्यायचं हे बरंचसं आपोआप सुटतं. म्हणून आधी कल्पना, मग खरेदी.

साध्या कीबोर्डमध्ये स्वर निर्माण करणारा ऑसिलेटर, त्याचा पोत घडवणारा फिल्टर आणि आवाज लहानमोठा करणारा ॲम्प्लिफायर कारखान्यातच एकमेकांना कायमचे जोडलेले असतात. मॉड्यूलरमध्ये हे भाग सुटे मिळतात आणि जोडणी वाजवणाऱ्याने करायची असते. ज्यांनी शेतात दारं धरली आहेत त्यांना हे चटकन उमगेल. पाटाचं पाणी एका वाफ्यात सोडायचं, तो भरला की फावड्याने माती ओढून पुढच्या वाफ्याचं तोंड मोकळं करायचं. पॅच केबल म्हणजे असाच एक पाट. पण या शेतात आणखी एक नवल आहे. इथलं पाणी स्वतःच पुढच्या वाफ्याचं दार उघडतं आणि बंद करतं! एका मॉड्यूलमधून निघालेलं व्होल्टेज दुसऱ्याचा स्वर चढवतं, तिसऱ्याचा फिल्टर खुला करतं, चौथ्याला गप्प बसवतं. ऐकू येणारा आवाज आणि त्या आवाजाला दिलेला हुकूम, दोन्ही एकाच जातीचे. सेकंदाला पाच वेळा हेलकावणारं व्होल्टेज ऑसिलेटरला दिलं की स्वर कापरा होतो. तेच सेकंदाला दोनशे वेळा हेलकावू लागलं की कंप नाहीसा होतो आणि घंटेसारखा, धातूसारखा नवाच नाद उभा राहतो. केबल तीच, जोडणी तीच, बदलला तो फक्त वेग. या यंत्रातली मला सर्वांत प्रिय असलेली जागा हीच.

व्होल्टेजने स्वर चढवायचा म्हटलं की कानाचं गणित आडवं येतं. मंद्र सा ते मध्य सा आणि मध्य सा ते तार सा ही अंतरं कानाला सारखी वाटतात, पण कंपनसंख्या दर वेळी दुप्पट होते: 110, 220, 440, 880. व्होल्टेजच्या सरळ प्रमाणात कंपनसंख्या वाढवली, तर खालचं अख्खं सप्तक बटणाच्या इवल्याशा कोपऱ्यात दाटीने बसेल आणि वरची सप्तकं ऐसपैस पसरतील. न्यूयॉर्क राज्यात 1964 साली रॉबर्ट मूग यांनी संगीतकार हर्बर्ट डॉइच यांच्या सोबतीने जी मॉड्यूल्स बांधली, त्यांत या अडचणीवर ट्रान्झिस्टरचाच स्वभाव कामी आला. सिलिकॉन ट्रान्झिस्टरच्या बेसवर साधारण 18 मिलिव्होल्ट वाढवले की त्यातून वाहणारा प्रवाह दुप्पट होतो, आणखी 18 वाढवले की पुन्हा दुप्पट. कान जे गणित मांडतो तेच सिलिकॉनच्या स्फटिकातही सापडावं, हे मला आजही विलक्षण वाटतं. बाहेरून येणारं व्होल्टेज या मापात बसवलं की नियम तयार होतो: एक व्होल्ट वाढवा, स्वर एक सप्तक वर जाईल. आज बहुतेक मॉड्यूलर यंत्रं हाच नियम पाळतात, म्हणून वेगवेगळ्या कंपन्यांची मॉड्यूल्स एकमेकांच्या सुरात वाजू शकतात.

आता यात आपला गंधार बसवून पाहू. पेटीच्या समान अंतराच्या पट्टीत सा पासून शुद्ध गंधार एका सप्तकाच्या तिसऱ्या हिश्श्यावर, म्हणजे 0.333 व्होल्टवर येतो. जुळलेल्या तंबोऱ्यातून जो गंधार आपसूक ऐकू येतो तो सा च्या सव्वापट, आणि त्याला लागतात 0.322 व्होल्ट. फरक फक्त 11 मिलिव्होल्टचा. याच फरकापायी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी, अब्दुल करीम खाँसाहेबांच्या मदतीने, श्रुती मोजण्यात बरीच वर्षं घालवली. सनदी अधिकारी अर्नेस्ट क्लेमंट्स यांच्या साथीने त्यांनी श्रुतींची पेटीही घडवून घेतली. मॉड्यूलरमध्ये त्याच श्रुतीसाठी एक बटण किंचित फिरवावं लागतं.

पण ट्रान्झिस्टरचे ते 18 मिलिव्होल्ट तापमानावर अवलंबून असतात. तापमान एक अंशाने वाढलं की त्यांच्यात सुमारे एक तृतीयांश टक्क्याचा फरक पडतो. भरपाईची सोय नसलेला ऑसिलेटर पाच अंशांनी तापला, तर त्याचं सप्तक जवळपास 20 सेंटने (सेंट म्हणजे स्वरांतर मोजण्याचं बारीक एकक) आखूड पडतं. प्रमाणश्रुती साधारण साडेएकवीस सेंटची, म्हणजे सकाळी लावलेला सूर दुपारपर्यंत एक श्रुती उतरलाच म्हणायचा! चांगल्या यंत्रात तापमानानुसार बदलणारा खास रोधक बसवून हा दोष आवरलेला असतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात वापरायचं यंत्र निवडताना दिव्यांपेक्षा याची चौकशी आधी करावी, आणि वाजवण्यापूर्वी यंत्र वीसेक मिनिटं चालू ठेवावं.

व्होल्टेजने सूर चालवण्याचं श्रेय सहसा मूग यांना आणि त्याच सुमारास सॅन फ्रान्सिस्कोत काम करणाऱ्या डॉन बुकला यांना मिळतं. दोघांचं मोठेपण मान्यच आहे. पण त्यांच्याआधी जवळजवळ वीस वर्षं, कॅनडातल्या ओटावामध्ये ह्यू ले केन नावाचा एक भौतिकशास्त्रज्ञ हेच करत होता. युद्धकाळात त्याने राष्ट्रीय संशोधन परिषदेत रडारवर काम केलं होतं. 1945 साली त्याने फावल्या वेळात ‘इलेक्ट्रॉनिक सॅकबट’ बांधायला घेतला आणि 1948पर्यंत तो वाजता केला. दिसायला ती एक पेटीसारखी पट्टी. पण कळ जोराने दाबली की आवाज मोठा होई, आणि तीच कळ बोटाने बाजूला रेटली की स्वर सरकत दुसऱ्या स्वराकडे जाई. डावा हात स्वराचा पोत बदलण्यासाठी मोकळा. पट्टीवर मींड घेता येत नाही, ही आपल्या गवयांची पेटीविषयीची जुनी तक्रार. ओटावातल्या या माणसाने, आपलं संगीत समोर नसताना, ती 1948मध्ये दूर केली होती. पुढे 1955मध्ये त्याने पाण्याच्या एकाच थेंबाचा आवाज टेपवर वेगवेगळ्या गतीने फिरवून ‘ड्रिप्सोडी’ ही छोटी रचना केली. सॅकबट बाजारात रुजला नाही, म्हणून ले केनचं नाव लोकांच्या ओठी आलं नाही. पुस्तकांतून त्याला एखादा परिच्छेद मिळतो, हे मला अन्यायाचं वाटतं.

ले केनने ओळखलं होतं ते नवशिक्याला आज सर्वांत उपयोगी आहे. वाद्याचा जीव आवाजांच्या संख्येत नसतो, आवाजावरच्या ताब्यात असतो. नवखे लोक नेमके याच्या उलट जातात: ऑसिलेटरमागून ऑसिलेटर घेतात, आणि व्होल्टेज हवं तेवढं कमी करणारा साधा अटेन्युएटर किंवा मिक्सर घ्यायचा राहून जातो. मग प्रत्येक कंप टोकाचा, प्रत्येक हेलकावा कर्कश. अटेन्युएटर रटाळ दिसतो, त्याच्या जाहिराती कुणी करत नाही, पण यंत्राला लय आणि नजाकत तोच देतो.

तेव्हा पहिली पायरी फुकट आहे. ‘व्हीसीव्ही रॅक’ हे सॉफ्टवेअर 2017पासून उपलब्ध आहे, त्याची मूळ आवृत्ती विनामूल्य आहे आणि साध्या लॅपटॉपवर चालते. पडद्यावर केबल ओढायच्या, पण त्यामागचं तर्कशास्त्र खऱ्या यंत्राचंच. दोन-तीन महिने त्यात एक ऑसिलेटर, एक फिल्टर, एक एन्व्हलप (स्वर कसा उठतो आणि विरतो हे ठरवणारा), एक एलएफओ (संथ हेलकावणारा ऑसिलेटर) आणि एक व्हीसीए (व्होल्टेजने चालणारा ॲम्प्लिफायर) एवढ्याच पाच गोष्टी वापरा. कंटाळा आला तरी सहावं मॉड्यूल उघडू नका. या पाचांतून किती निघतं हे कळल्याशिवाय पुढची खरेदी आंधळी ठरते.

हाताला प्रत्यक्ष तारा हव्या असतील तर चेक प्रजासत्ताकातल्या ब्रनो शहरातल्या बास्टल कंपनीचा ‘कॅसल’ पाहा. तीन पेन्सिल सेलवर चालणारी ही छोटी डबी, केबलऐवजी ब्रेडबोर्डच्या बारीक वायरी. सुरेल पट्टीसाठी ती नाही, पण जोडाजोडीची गोडी ती लावते.

तरीही एकच शिफारस करायची तर मी सेमी-मॉड्यूलर यंत्राची करीन. त्यात आतली नेहमीची जोडणी आधीच केलेली असते, त्यामुळे केबल न लावताही आवाज येतो. केबल लावली की ती जुनी जोडणी तोडून नवी होते, आणि नेमकं काय बदललं हे त्याच क्षणी ऐकू येतं. शिकण्यासाठी याहून चांगली सोय नाही. मूग कंपनीचा ‘मदर-32’ 2015मध्ये 599 डॉलरला आला. बेहरिंगरचा ‘क्रेव्ह’ 2019मध्ये जवळजवळ त्याच आराखड्यावर 199 डॉलरला जाहीर झाला. दुसऱ्यांच्या यंत्रांची नक्कल करण्याबद्दल बेहरिंगरवर टीका होते आणि ती निराधार नाही. पण परदेशातून मागवताना सीमाशुल्क आणि जीएसटी वर चढतो हे लक्षात घेता, आपल्याकडच्या विद्यार्थ्याला परवडेल ते ‘क्रेव्ह’च. एक ऑसिलेटर, एक फिल्टर, स्वरांची ओळ आपोआप वाजवणारा सिक्वेन्सर आणि केबलसाठी 32 छिद्रं; वर्षभर पुरेल एवढा ऐवज.

मग युरोरॅक, म्हणजे सुटी मॉड्यूल्स एका चौकटीत बसवण्याची पद्धत. जर्मनीच्या डीटर डोप्फर यांनी 1990च्या दशकाच्या मध्यावर हे माप रूढ केलं: 128.5 मिलिमीटर उंची, 5.08 मिलिमीटरच्या पटीत रुंदी, 12 व्होल्टचा धन आणि ऋण पुरवठा. इथे दोन गोष्टींकडे दुर्लक्ष होतं. एक, पॉवर सप्लाय. प्रत्येक मॉड्यूल किती मिलिअँपिअर खातं याची बेरीज करा आणि सप्लायच्या क्षमतेत भरपूर फट ठेवा. दुसरी, रिबन केबलवरची लाल रेघ. ती ऋण 12 व्होल्टच्या बाजूला यायला हवी. उलटी लागली तर मॉड्यूल जळू शकतं. मोठी केस आधी घेऊ नये, रिकामी जागा खरेदीला चिथावते.

‘ॲनालॉगची ऊब’ या शब्दांना भुलून डिजिटल मॉड्यूल टाळणाऱ्यांचंही नुकसान होतं. पॅरिसच्या एमिली जिले यांच्या ‘म्युटेबल इन्स्ट्रुमेंट्स’ची उत्तमोत्तम मॉड्यूल्स डिजिटल होती. त्यांनी आपले आराखडे खुले ठेवले, म्हणून 2022मध्ये कंपनी थांबल्यावरही त्यांच्या स्वस्त प्रती रीतसर मिळतात. एवढा उदारपणा या धंद्यात दुर्मीळ आहे.

एका यंत्रावर किती होऊ शकतं याचा पुरावा अहमदाबादेत आहे. 1946मध्ये न्यूयॉर्कला संगीतकार जॉन केज यांना भारतीय संगीत शिकवणाऱ्या गीता साराभाई, अतुल देसाई, आय. एस. माथुर, एस. सी. शर्मा आणि तरुण जिनराज जोशीपुरा यांनी राष्ट्रीय डिझाइन संस्थेत काम केलं ते 1969 साली अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी उभ्या केलेल्या मूगवर. त्या कामाच्या टेप ब्रिटिश कलावंत पॉल पर्गस यांना 2017मध्ये संस्थेच्या संग्रहात सापडल्या आणि 2023मध्ये प्रकाशित झाल्या. विकत घ्यायच्या आधी त्या ऐका.

आणि इलेक्ट्रॉनिक्स शिकवणाऱ्यांना एक विनंती. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत 40106 ही आयसी अगदी किरकोळ किमतीत मिळते. तिच्या एका इन्व्हर्टरला एक कपॅसिटर आणि एक पॉट जोडला की नऊ व्होल्टच्या बॅटरीवर ऑसिलेटर वाजू लागतो, आणि एका आयसीत असे सहा इन्व्हर्टर असतात. त्यापुढे ट्रान्झिस्टरची जोडी लावून एक व्होल्टला एक सप्तक देणारा ऑसिलेटर विद्यार्थी प्रयोगशाळेत बांधू शकतात. यंदाच्या प्रकल्पांच्या यादीत तो विषय घाला, आणि अट एकच ठेवा: 0.322 व्होल्टला त्यातून सव्वापटीचा गंधार निघाला पाहिजे, मे महिन्याच्या दुपारीसुद्धा.