डब्याखालचा कागद

शब-ए-बरात झाली, शाबान महिना उताराला लागला की मुस्लिम घरांतल्या बायकांची नजर स्वयंपाकघरातल्या फळ्यांवर जाते. दिवाळीआधी शेजारच्या घरात जे चालते, तेच इथे रमजानआधी. डबे खाली उतरतात, फळ्या घासल्या जातात आणि नवा कागद अंथरला जातो. एकदा रोजे सुरू झाले की दुपारनंतर स्टुलावर चढून फळी घासण्याचे त्राण कोणाला राहत नाही. त्यात या महिन्यात बेसन, मैदा, तेल, सरबताच्या बाटल्या असे सगळेच जास्त येते आणि जास्त सांडते. खर्चही वाढलेला असतो. अशा वेळी फळीसाठी दुकानातून महागडी शीट आणायला हात आखडतो, आणि खरे तर तिची गरजही नसते.

काही जण म्हणतात, कडप्प्याच्या फळीला कागद हवाच कशाला? दगड पुसला की झाले. पण पहाटे सहरीसाठी उठलेल्या बाईने अंधारात स्टीलचा डबा कडप्प्यावरून ओढला की मुलेच काय, भिंतीपलीकडचे शेजारीही जागे होतात. डब्याखाली काहीतरी मऊ असलेले बरे.

सगळ्यात स्वस्त अर्थात वर्तमानपत्राची रद्दी. दुहेरी कागद घालायचा, पुढून तीन-चार बोटे खाली सोडायचा आणि सुटलेला भाग घड्या घालून कात्रीने कापायचा. घडी उलगडली की झालर तयार. पूर्वी घरोघरी मुली हे हौसेने करत. कागद तेल शोषून घेतो आणि खराब झाला की टाकता येतो, हा त्याचा मोठा गुण. मात्र ओल्या बुडाचा डबा ठेवला तर शाई डब्याला लागते. म्हणून डबे कोरडे हवेत आणि उघडा पदार्थ कागदावर ठेवू नये. छापील कागदात खाण्याचे पदार्थ बांधू नयेत, असे अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१६ मध्येच बजावले आहे. भजी काढताना तेल निथळायला हाताशी असलेले वर्तमानपत्रच पसरले जाते, तेही त्यामुळे टाळलेले बरे.

रद्दी निवडताना एक गोष्ट मात्र घरातली वडीलधारी माणसे चष्मा लावून पाहतात. रमजानच्या दिवसांत उर्दूच नव्हे, मराठी पानांवरही आयतींचे आणि हदीसचे अनुवाद छापून येतात, काबा आणि मदिनेची छायाचित्रे येतात. असे पान तेलाच्या डब्याखाली घालायला मन धजत नाही. ते बाजूला निघते. काही मशिदींत अशा कागदांसाठी वेगळी पेटी असते, काही जण स्वच्छ जागी पुरतात. शेजारच्या हिंदू घरात गणपतीच्या दिवसांतले पान किंवा देवाचे चित्र असलेले जुने कॅलेंडर हातात आले की हीच अडचण होते आणि तिथेही पान बाजूलाच पडते. रद्दीची देवाणघेवाण करणाऱ्या शेजारणींना हे सांगावे लागत नाही. जाहिरातींची आणि शेअर बाजाराची पाने दोन्ही घरांत बिनधास्त चालतात.

कागदापेक्षा टिकाऊ हवे असेल तर बिर्याणीच्या तांदळाची रिकामी पिशवी उत्तम. विणलेल्या प्लास्टिकची ही पिशवी शिवण उसवून उलगडली, साबणाच्या पाण्यात धुऊन वाळवली की फळीभर होते. कडा उसवू नयेत म्हणून दुमडून मशीनवर एक शिलाई मारायची. सरबत सांडले तरी ओल्या फडक्याने निघते. टेबलावरचे रेक्झीन कोपऱ्यात फाटले असेल, तर त्याचेही चांगले तुकडे निघतात. उतरवलेल्या फ्लेक्सचा मोह अनेकांना होतो. तो फुकट मिळतो हे खरे, पण त्याचा वास उघड्या मसाल्याला लागतो. फ्लेक्स गॅलरीत पावसाच्या झडीला बांधावा, स्वयंपाकघरात नको. तिथे मसाल्याच्या डब्यांखालून नगरसेवकाचा चेहरा हसत राहतो, ते वेगळेच.

मागचा कागद सोलून चिकटवायची रंगीत शीट दिसते छान. पण प्लायवूडवर ती बसली की कडेने पाणी आत शिरते, वाळत नाही आणि लाकूड फुगते. काढताना गोंद नखाने खरवडावा लागतो. फळीवर जे काही घालायचे ते सुटे असावे, एका हाताने उचलता यावे. गॅसच्या शेगडीच्या वरच्या फळीवर मात्र कागदही नको आणि प्लास्टिकही नको. सुटलेल्या झालरीला आच लागायला वेळ लागत नाही.

घासलेली फळी पंख्याखाली पूर्ण वाळू द्यावी. ओलीवर कागद घातला तर दोन दिवसांत कुबट वास येतो आणि त्याखाली झुरळांचे आयतेच घर होते. कागदाखाली कडुलिंबाचा वाळलेला पाला ठेवण्याची रीत आहे. बोरिक पावडर टाकायची तर वरच्या फळीवर, मागच्या कडेला आणि अगदी थोडी. लहान मुलांचा हात पोहोचतो तिथे नको.

मुंग्या लागतात त्या सरबताच्या बाटलीमुळे. तिच्याखाली पिशवीचा हातरुमालाएवढा वेगळा तुकडा ठेवला तर महिनाभर तोच तेवढा धुवावा लागतो. चांदरातीला शीरखुर्म्याच्या शेवया काढताना सगळी फळी पुन्हा उतरवायची वेळ येत नाही.