श्रोता आणि संबोध्य

चारकोपच्या मतदारास राष्ट्रपती निवडता येत नाही. ते मत त्याच्या आमदाराचे. २०२२ च्या निवडणुकीतही १९७१ च्या जनगणनेवरून महाराष्ट्रातील आमदाराच्या मताचे मूल्य १७५ धरले गेले. असे असता राष्ट्रपतिपदाच्या पेचात लोकांचे मेळावे भरतात ते कोणाला उद्देशून?

१९६९ चे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. ३ मे रोजी डॉ. झाकिर हुसेन निवर्तले. काँग्रेसचे अधिकृत उमेदवार संजीव रेड्डी; व्ही. व्ही. गिरी अपक्ष उभे राहिले. १९ जुलैला चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण होताच दिल्लीत पंतप्रधानांच्या निवासापुढे जमाव लोटू लागले. या निवडणुकीत त्या जमावास मत नव्हते. घोषणा इंदिरा गांधींच्या नावाच्या, श्रोत्याही त्याच. परंतु संबोध्य, म्हणजे ज्याच्यावर परिणाम व्हावयाचा तो, तेथे नसलेला खासदार वा आमदार होय. पुढे त्यालाच अंतरात्म्याचा कौल घेऊन मत देण्याचे आवाहन झाले. अध्यात्मातील शब्द असा मतपेटीपाशी आला आणि पक्षशिस्तीच्या भंगास प्रतिष्ठित नाव मिळाले. (निकालाहून मला हेच अधिक लक्षणीय वाटते.) दुसऱ्या पसंतीची मते मोजल्यावर गिरी ४,२०,०७७ विरुद्ध ४,०५,४२७ असे विजयी झाले.

नोव्हेंबरात पक्ष दुभंगला. डिसेंबरात इंदिरा गटाचे अधिवेशन मुंबईस भरले. तेथे श्रोता आणि संबोध्य पुन्हा एक झाले होते.