जुनी सेडान, रोजची स्वारी

रोजच्या वापरासाठी जुनी मोटार घेऊ पाहणाऱ्याने गाडी शोधण्याआधी तिचा मिस्त्री शोधावा, हा सल्ला वरवर विनोदी वाटला तरी ज्या देशांत तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या गाड्या अजून नित्य धावतात तेथील अनुभव त्याला दुजोरा देतो. स्वीडनच्या व्होल्वो कंपनीची १९५६ ते १९७० या काळातील ‘अमेझॉन’ आणि १९७४ ते १९९३ या काळात सुमारे २८ लाखांच्या संख्येने बनलेली ‘२४०’ या गाड्या मुख्यतः सेडान घाटाच्या, म्हणजे बंदिस्त, चार दारांच्या आणि सामानासाठी मागे स्वतंत्र डिकी असलेल्या. त्यांच्या टिकाऊपणाचे गोडवे जगभर गायले जातात. परंतु एकच रचना दोन दशके फारशी न बदलता लाखोंच्या संख्येने निघाल्यामुळे तिचे सुटे भाग बाजारात मुबलक राहिले आणि ती उघडून जोडता येणारे कारागीर गावोगाव तयार झाले, हे त्या टिकाऊपणामागचे कारण क्वचितच सांगितले जाते.

मराठी माणसाला व्होल्वो ठाऊक आहे ती बसमुळे. कंपनीच्या मोटारी भारतात अधिकृतपणे २००७ मध्ये विक्रीस आल्या, त्यामुळे जुनी व्होल्वो सेडान येथे शोधूनही सहसा सापडत नाही, आणि सापडलीच तरी तिचा एक रबरी बुश परदेशातून मागवण्यात महिना जाणार असेल तर ती रोजच्या कामाची गाडी उरत नाही. तेव्हा हाच हिशेब मराठी मुलखात मांडायचा तर तो प्रीमियर पद्मिनीवर मांडावा लागतो.

सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली आणि तिचा कारखाना मुंबईत कुर्ला येथे उभा राहिला. इटलीच्या फियाट कंपनीशी झालेल्या सहकार्यातून तेथे ‘११००’ मालिकेच्या मोटारी तयार होऊ लागल्या. त्यांपैकी १९६४ मध्ये आलेली ‘डिलाइट’ हीच पुढे किरकोळ फेरफारांसह, चितोडच्या राणीचे नाव घेऊन, १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी म्हणून विकली गेली. २००० सालाच्या सुमारास उत्पादन थांबेपर्यंत गाडीचा मूळ घाट बदलला नाही. स्पर्धेच्या दृष्टीने हे मागासलेपण होते आणि त्या काळच्या ग्राहकाने त्याबद्दल कंपनीला नावे ठेवली ती रास्तच होती. आजच्या जुन्या गाडीच्या मालकाला मात्र तेच वरदान ठरले आहे, कारण दोन वेगवेगळ्या दशकांतील गाड्यांचे असंख्य भाग एकमेकींना बसतात.

या भागांचा पुरवठा इतकी वर्षे टिकला तो हौशी मालकांमुळे नव्हे, तर मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीमुळे. हजारो पद्मिनी दिवसाचे अनेक तास धावत असल्याने क्लच प्लेट, ब्रेक लायनिंग, वॉटर पंप, स्टिअरिंगचे सांधे अशा झिजणाऱ्या वस्तूंना सतत गिऱ्हाईक होते, ते भाग बनवणारे लहान कारखाने तगून होते, आणि टॅक्सी दुरुस्त करणारे मिस्त्री खासगी गाड्याही पाहत असत. राज्य शासनाने टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा घातली, आणि ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदलेली मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस सेवेतून बाहेर पडली. वृत्तपत्रांनी त्या दिवशी गतकाळाच्या आठवणी छापल्या, पण खासगी पद्मिनी बाळगणाऱ्यासाठी ती घटना त्याहून व्यावहारिक होती: रोजची मागणी संपली की नवे भाग बनणे कमी होते आणि भंगारातून काढलेल्या भागांवर भिस्त वाढते.

गाडी पाहताना बहुतेकांचे लक्ष इंजिनाकडे जाते, वास्तविक पद्मिनीत धास्ती धरावी ती गंजाची. तिला ट्रकसारखी वेगळी लोखंडी चौकट नाही. तळ, खांब आणि बाजू यांचा जोडलेला पत्राच सगळा भार पेलतो, आणि म्हणून तळचा पत्रा कुजला की गाडीची ताकदच जाते. पायाखालचे मॅट उचलून तळ पाहावा, दारांच्या खालची पत्र्याची लांब पेटी बोटाने दाबून पाहावी, डिकीतील स्टेपनीच्या खड्ड्यात पाणी साचल्याच्या खुणा आहेत का ते पाहावे, आणि नुकताच रंग दिलेल्या गाडीवर साधे लोहचुंबक फिरवावे. जेथे ते चिकटत नाही तेथे पत्र्याऐवजी पुट्टी आहे असे समजावे. समुद्राच्या खाऱ्या हवेत आयुष्य काढलेल्या मुंबईच्या गाडीपेक्षा नागपूरसारख्या कोरड्या हवेतील गाडीचा पत्रा बहुधा निरोगी निघतो, त्यामुळे चार पैसे जास्त पडले तरी दुसरीच घेणे शहाणपणाचे.

इंजिन १०८९ घनसेंटीमीटरचे, चार सिलिंडरचे आणि अत्यंत सरळ रचनेचे आहे. कार्ब्युरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण करणारे यांत्रिक उपकरण, आणि ठिणगीची वेळ साधणारे ‘पॉइंट’ यांची जुळवणी स्क्रू ड्रायव्हर व फीलर गेज यांवर होते, संगणक लागत नाही. एक्झॉस्टमधून निळसर धूर येत असेल तर इंजिन ऑइल खात आहे आणि बोअरिंगचा खर्च जवळ आला आहे, असे धरून किंमत ठरवावी. बहुतेक गाड्यांत गिअरचा दांडा स्टिअरिंगखाली असतो. त्याच्या जोडदांड्यांचे बुश झिजले की गिअर अडकतो आणि विक्रेता ‘सवयीने जमेल’ असे सांगतो, तेव्हा ती सवय नसून दुरुस्ती आहे हे ओळखावे.

हवामानाचा प्रश्न मध्य प्रदेशातील पांढुर्णा-सौंसर पट्ट्यात आणखी तीव्र आहे. सातपुड्याच्या पायथ्याच्या या संत्र्यांच्या मुलखात, जेथे तिगावजवळ रेल्वेलाही घाट चढावा लागतो, मे महिन्यात भर दुपारी जुनी गाडी चढावर घातली की दोन दुखणी संभवतात. पहिले म्हणजे इंधनाच्या नळीतच पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा तुटणे. अशा वेळी गाडी सावलीत थांबवून पंपावर ओले फडके ठेवण्याचा जुना चालकी उपाय अजूनही चालतो. दुसरे अधिक महागाचे, कारण इंजिनाचे हेड ॲल्युमिनियमचे आहे, पाणी आटून ते तापले की त्याला बाक येतो आणि हेड गॅस्केट उडते. त्यामुळे रेडिएटर आतून साफ करून घेणे आणि फॅन बेल्टची एक जोडी डिकीत ठेवणे यावर कंजूषी करू नये. वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल आता सर्वत्र मिळते, आणि त्याने जुन्या घडणीच्या रबरी नळ्या व डायफ्रॅम कालांतराने फुगतात किंवा चिरतात. गाडी घेतल्याबरोबर त्या इथेनॉल सोसणाऱ्या प्रतीच्या बसवून घेणे हा अल्प खर्चाचा विमाच आहे.

सुरक्षिततेच्या बाबतीत मात्र पद्मिनीचा कैवार घेता येत नाही. व्होल्वोचे अभियंता निल्स बोहलिन यांनी खांदा व कंबर दोन्ही धरणारा तीन टोकांचा पट्टा रचला, १९५९ पासून तो कंपनीच्या गाड्यांत बसू लागला आणि त्याचे पेटंट इतर उत्पादकांनाही वापरू देण्यात आले. इकडे जुन्या पद्मिनीत पट्टाच नसतो, आणि ब्रेक चारही चाकांना ड्रमचे असतात. पुढच्या आसनांना पक्के पट्टे बसवून घ्यावेत, आणि महामार्गावर पुढच्या वाहनाच्या मागे नव्या गाडीइतके जवळून जाऊ नये.

तिगावच्या खरेदीदाराला बाजार पडतो तो सुमारे शंभर किलोमीटरवरच्या नागपूरचा, आणि तेथेच राज्याची सीमा आडवी येते. महाराष्ट्रातील गाडी मध्य प्रदेशात बारा महिन्यांहून अधिक ठेवायची तर मूळ परिवहन कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र, ज्यासाठी नमुना २८ भरतात, आणून नवा क्रमांक घ्यावा लागतो व येथील वाहनकर वेगळा भरावा लागतो. चेसिसवर कोरलेला क्रमांक नोंदणी-पुस्तकातल्याशी अक्षरशः जुळतो का, हे पैसे देण्यापूर्वी स्वतः पाहावे. पंधरा वर्षांनंतर नोंदणी पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकृत होते, आणि २०२५ च्या सुधारणेनंतर वीस वर्षांवरील मोटारीसाठी त्याचे शुल्क दहा हजार रुपये झाले आहे, म्हणजे प्रत्येक पद्मिनीला ते लागू आहे. पन्नास वर्षे ओलांडलेल्या, मूळ रूपातील गाडीला २०२१ च्या नियमांनुसार ‘व्हीए’ मालिकेचा व्हिंटेज क्रमांक घेता येतो. पण तो घेतला की गाडी प्रदर्शन, रॅली, इंधन, दुरुस्ती अशा ठरावीक कामांसाठीच रस्त्यावर आणता येते, त्यामुळे ज्याला तिच्यातून पांढुर्ण्याच्या बाजाराला जायचे आहे त्याने ती प्रतिष्ठा न घेतलेलीच बरी.