लॅपटॉप सुरू होताना पडद्यामागे काय चालतं?

आजचा विषय शहरापेक्षा सूर्यमाळसारख्या ठिकाणी जास्त टोचतो. मुंबईत संगणक हळू चालला तर माणूस वैतागतो, एवढंच. इथे घरात एकच लॅपटॉप, तोही बहुतेकदा जुना घेतलेला. इंटरनेट मोबाईलच्या हॉटस्पॉटवरून, आणि पावसाळ्यात लाईट कधी जाईल याचा भरवसा नाही. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायचा शेवटचा दिवस असतो आणि लॅपटॉप सुरू व्हायलाच दहा मिनिटं घेतो. तेवढा वेळ तो करतो काय?

विंडोज सुरू झालं की दोन प्रकारची मंडळी त्याच्याबरोबर उठतात. एक म्हणजे स्टार्टअप प्रोग्राम. तुम्ही लॉगिन केलं की हे आपोआप उघडतात. दुसऱ्या सर्व्हिसेस, म्हणजे पडद्यामागच्या सेवा. त्यांची खिडकी दिसत नाही, आणि बऱ्याचशा तर तुम्ही पासवर्ड टाकायच्या आधीच कामाला लागलेल्या असतात. या दोघांची गल्लत केली की घोटाळा होतो.

स्टार्टअप प्रोग्रामना बिनधास्त हात लावा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. विंडोज 8 पासून स्टार्टअपची यादी तिथेच असते. टीम्स, स्पॉटिफाय, गेमचे लाँचर, जे नको त्यावर राइट क्लिक करून डिसेबल करा. प्रोग्राम पुसला जात नाही, फक्त आपणहून उठत नाही. लागेल तेव्हा उघडा. अँटिव्हायरसची ओळ तेवढी राहू द्या.

सर्व्हिसेसचं तसं नाही. ‘या वीस सर्व्हिस बंद करा, लॅपटॉप पळायला लागेल’ असे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. माझं स्पष्ट मत आहे, त्यांच्या नादी लागू नका. ज्या सर्व्हिसपुढे ‘मॅन्युअल’ लिहिलंय ती गरज पडल्यावरच उठते. ती बंद करून फारसं काही वाचत नाही. शिवाय एक सर्व्हिस दुसरीवर अवलंबून असते.

आपल्या जवळचं उदाहरण घ्या. पाड्यांवर काही जण लॅपटॉपला यंत्र जोडून, आधारचा अंगठा घेऊन लोकांना बँकेचे पैसे काढून देतात. ते अंगठ्याचं यंत्र एकटं काम करत नाही. त्याची आरडी सर्व्हिस, म्हणजे रजिस्टर्ड डिव्हाइस सर्व्हिस, मागे चालू लागते. तीच ठसा एन्क्रिप्ट करून पुढे देते. व्हिडिओ बघून कुणी ती डिसेबल केली, तर यंत्र जोडलेलं दिसेल पण ठसा काही पुढे जाणार नाही. आणि पेन्शनसाठी डोंगर चढून आलेली आजी रिकाम्या हाताने परत जाईल.

तरी एखादी सर्व्हिस बंद करून बघायचीच असेल, तर आधी तिचं नाव आणि मूळ सेटिंग वहीत लिहा. एका वेळी एकच बदला. मग रीस्टार्ट करा, शटडाऊन नव्हे! कारण फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाऊन केल्यावर विंडोज सर्व्हिसेसची स्थिती डिस्कवर जपून ठेवतं आणि पुढच्या वेळी तीच उचलतं. खरी नवी सुरुवात रीस्टार्टनेच होते.

आता डेटाचं. सकाळी हॉटस्पॉट जोडला आणि दुपारपर्यंत पॅक संपला, ही तक्रार इथे नेहमीची. अपडेटची सर्व्हिस मारून टाकू नका, सुरक्षेचे अपडेटही अडतील. त्याऐवजी सेटिंग्जमध्ये त्या वायफायला ‘मीटर्ड कनेक्शन’ करा. विंडोज बहुतेक अपडेट थांबवून ठेवतं, वनड्राईव्हही सिंक थांबवतो. बरी रेंज आणि भरपूर डेटा असेल तिथे गेलात की मीटर्ड काढा आणि अपडेट होऊ द्या.

एवढं करूनही टास्क मॅनेजरमध्ये डिस्क सतत 100 टक्के दिसत असेल, तर सर्व्हिसेसना दोष देत बसू नका. लॅपटॉपमध्ये जुनी फिरती हार्ड डिस्क आहे का ते बघा. तसं असेल तर पैसे साठवून एसएसडी बसवा. जुन्या लॅपटॉपवर त्याच्याइतका फरक दुसऱ्या कशाने पडत नाही.