विश्लेषण : ‘पहिला दगड’ची कथा मूळ बायबलमध्ये होती का? ख्रिस्ती अभ्यासकांचा वाद नेमका कशावर?

येशू ख्रिस्ताच्या आयुष्यातील सर्वाधिक परिचित प्रसंगांपैकी एक प्रसंग नव्या कराराच्या सर्वांत जुन्या हस्तलिखितांमध्ये आढळत नाही. ही गोष्ट ख्रिस्ती धर्माच्या विरोधकांनी शोधून काढलेली नाही. पिढ्यान् पिढ्या पोथ्या ताडून पाहणाऱ्या अभ्यासकांनीच ती मांडली आणि त्यांतील बरेच जण श्रद्धावंत ख्रिस्ती होते. मग ती कथा खोटी ठरते का? चर्चमध्ये तिचे वाचन थांबवायचे का? बायबलचे अभ्यासक आणि ईशज्ञानाचे जाणकार या प्रश्नांची चर्चा कशी करतात, ते पाहू.

प्रसंग काय आहे?

योहानकृत शुभवर्तमानात सातव्या अध्यायाच्या ५३व्या वचनापासून आठव्या अध्यायाच्या ११व्या वचनापर्यंत, म्हणजे अवघ्या १२ वचनांत हा प्रसंग येतो. जेरुसलेमच्या मंदिरात येशू शिकवत असताना शास्त्री आणि परूशी एका स्त्रीला त्याच्यासमोर आणून उभी करतात. ती व्यभिचार करताना पकडली गेली, असा आरोप असतो. मोशेच्या नियमशास्त्रानुसार तिला दगडमार करावा की नाही, असे ते विचारतात. त्याच नियमशास्त्राने पुरुषालाही तीच शिक्षा सांगितली आहे, पण पुरुषाला कोणी आणलेले नसते. येशू खाली वाकून बोटाने जमिनीवर काहीतरी लिहितो. मग निष्पाप असेल त्यानेच पहिला दगड मारावा, असे सांगतो. वडीलधाऱ्यांपासून सुरुवात होऊन एकेक जण निघून जातो. शेवटी येशू त्या स्त्रीला दोषी न ठरवता, पुन्हा पाप न करण्यास सांगून जाऊ देतो.

बायबल कधीही न उघडलेल्यांनाही ही कथा ठाऊक असते. मनमोहन देसाई यांच्या ‘रोटी’ (१९७४) या चित्रपटातील किशोरकुमार यांच्या एका लोकप्रिय गाण्याचा गाभा हाच आहे.

शंका कुठून आली?

नव्या कराराची ग्रीक हस्तलिखिते पाच हजारांहून अधिक आहेत. मूळ लेखकांच्या हातची एकही प्रत उरलेली नाही. जे आहे ते नकलांच्या नकला. त्यामुळे वेगवेगळ्या पोथ्या शेजारी ठेवून मूळ पाठ कोणता असावा, हे ठरवावे लागते. या शास्त्राला पाठचिकित्सा म्हणतात.

इ. स. २००च्या सुमाराचा मानला जाणारा ‘पपायरस ६६’ हा योहानाच्या शुभवर्तमानाचा फार जुना आणि बराचसा पूर्ण असा पुरावा. त्यात ही कथा नाही. चौथ्या शतकातील ‘कोडेक्स व्हॅटिकॅनस’ आणि ‘कोडेक्स सिनायटिकस’ या दोन महत्त्वाच्या ग्रंथांतही ती नाही. सिनायटिकस हा ग्रंथ इजिप्तमधील सिनाई पर्वताच्या पायथ्याच्या मठात होता. १९३३ मध्ये ब्रिटनने त्याचा मोठा भाग सोव्हिएत सरकारकडून एक लाख पौंडांना विकत घेतला. २००९ पासून त्याची पाने इंटरनेटवर खुली आहेत. म्हणजे मोबाइलवरही पाहता येते की, आज ज्याला सातव्या अध्यायाचे ५२वे वचन म्हणतात ते संपल्यावर थेट आठव्या अध्यायाचे १२वे वचन सुरू होते.

ही कथा असलेले सर्वांत जुने उपलब्ध ग्रीक हस्तलिखित म्हणजे ‘कोडेक्स बेझे’. ते इ. स. ४००च्या आसपासचे असून सध्या केंब्रिज विद्यापीठात आहे. त्यानंतरच्या मध्ययुगीन पोथ्यांपैकी बहुसंख्य पोथ्यांत ती आहे. मात्र काही पोथ्यांत तिच्या बाजूला शंकेची खूण आहे. काहींत ती योहानाच्या शुभवर्तमानाच्या अगदी शेवटी आहे, तर एका पोथीसमूहात ती चक्क लूककृत शुभवर्तमानात, २१व्या अध्यायानंतर येते. जागा बदलत फिरणारा मजकूर हा पाठचिकित्सेत नंतरच्या समावेशाचा इशारा मानला जातो.

भाषा काय सांगते?

शुभवर्तमानांत एरवी शास्त्री आणि परूशी ही जोडी वारंवार भेटते. पण योहानाच्या संपूर्ण शुभवर्तमानात ‘शास्त्री’ हा शब्द येतो तो फक्त या १२ वचनांत. जैतुनांच्या डोंगराचा नावानिशी उल्लेखही योहानात फक्त इथेच आहे. बाकी तीन शुभवर्तमानांत मात्र हे दोन्ही शब्द सहज आढळतात. शिवाय ही वचने बाजूला ठेवली तर आधीचा आणि नंतरचा संवाद न अडखळता जोडला जातो. यांतील एकेक मुद्दा एकट्याने निर्णायक नाही. हस्तलिखितांच्या पुराव्यासोबत मात्र त्यांना वजन येते.

मग कथा आली कुठून?

ती मध्ययुगात कोणी रचली, असेही म्हणता येत नाही. तिसऱ्या शतकात सीरियाच्या भागात तयार झालेल्या ‘डिडास्कालिया’ या ग्रंथात हा प्रसंग सांगून बिशपांना बजावले आहे की, पश्चात्ताप करणाऱ्यांना परत स्वीकारावे. चौथ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या दृष्टिहीन विद्वान डिडिमसला अशी कथा काही शुभवर्तमानांत असल्याचे माहीत होते. चर्चचा इतिहास लिहिणाऱ्या युसेबियसने नोंदवले आहे की, दुसऱ्या शतकाच्या आरंभीच्या पापियसने अनेक पापांचा आरोप असलेल्या एका स्त्रीची कथा सांगितली होती. ती हीच कथा का, यावर एकमत नाही.

थोडक्यात, कथा जुनी आहे. योहानाच्या पुस्तकातील तिची जागा तेवढी जुनी दिसत नाही. अनेक अभ्यासकांच्या मते ती आधी स्वतंत्रपणे सांगितली जात होती आणि पुढे शुभवर्तमानात आली. चौथ्या शतकाच्या अखेरीस जेरोमने लॅटिन ‘व्हल्गेट’ भाषांतरात तिला स्थान दिले आणि पश्चिम युरोपात ती पक्की झाली.

ती मुद्दाम काढून टाकली गेली असेल का?

हा प्रश्नही जुनाच आहे. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला संत ऑगस्टिनने असाच आरोप केला होता. बायकांना पाप करण्याची मोकळीक मिळेल या भीतीने काही अल्पविश्वासी पुरुषांनी ही कथा पोथ्यांतून काढली, असे त्याचे म्हणणे होते. या आरोपातून एक गोष्ट नक्की कळते : येशूने त्या स्त्रीला इतक्या सहज सोडून देणे त्या काळच्या काही पुरुषांना पचत नव्हते, असे ऑगस्टिनला वाटत होते.

एप्रिल २०१४ मध्ये अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात साउथईस्टर्न बॅप्टिस्ट थिऑलॉजिकल सेमिनरी या संस्थेत केवळ या १२ वचनांवर परिषद झाली. तिथे दोन्ही बाजू समोरासमोर बसल्या. मॉरिस रॉबिन्सन आणि जॉन डेव्हिड पंच यांनी कथा मूळचीच असल्याची बाजू मांडली. रॉबिन्सन यांनी या एका उताऱ्यासाठी उपलब्ध पोथ्या स्वतः ताडून पाहिल्या आहेत. पेंटेकॉस्टच्या सणाला चर्चमध्ये योहानाचा जो भाग वाचला जाई, त्यात ही वचने वगळून पुढचे वचन घेतले जाई. या प्रथेमुळे ती काही पोथ्यांतून गळाली असावीत, असा त्यांचा तर्क आहे.

स्वीडनचे टॉमी वासरमन, अमेरिकेच्या जेनिफर नूस्ट आणि क्रिस कीथ यांनी ती नंतर आल्याचे मत मांडले. नूस्ट यांचा मुद्दा असा की, नकलाकार न आवडलेला मजकूर सरसकट कापून टाकत, असा पुरावा मिळत नाही. कीथ यांनी येशूच्या जमिनीवर लिहिण्याकडे लक्ष वेधले. शुभवर्तमानांत येशू काही लिहितो असा हा एकमेव प्रसंग. येशूला लिहिता येत होते, हे ठसवण्यासाठी कथा इथे घातली गेली असावी, असे ते मानतात. लॅरी हर्टाडो यांनी समारोपाची प्रतिक्रिया दिली. हे निबंध २०१६ मध्ये पुस्तकरूपाने आले. वासरमन आणि नूस्ट यांनी पुढे या कथेच्या प्रवासावर संयुक्त ग्रंथही लिहिला.

एकच पुरावा, निष्कर्ष दोन?

ब्रूस मेट्झगर हे विसाव्या शतकातील नव्या कराराच्या पाठचिकित्सेतील मोठे नाव. ते प्रिन्स्टन थिऑलॉजिकल सेमिनरीत शिकवत आणि प्रेस्बिटेरियन चर्चचे दीक्षित पाळक होते. ही कथा योहानाची नाही, याबद्दल त्यांना शंका नव्हती. मात्र असा प्रसंग येशूच्या आयुष्यात खरोखर घडला असावा, अशी सगळी लक्षणे तिच्यात दिसतात, असेही त्यांनी नोंदवले. २००७ मध्ये निधन होईपर्यंत ते श्रद्धावंत ख्रिस्ती राहिले.

त्यांचेच विद्यार्थी बार्ट अरमन. २००५ मध्ये या गुरुशिष्यांनी पाठचिकित्सेच्या प्रसिद्ध पाठ्यपुस्तकाची नवी आवृत्ती एकत्र काढली. त्याच वर्षी अरमन यांचे ‘मिसकोटिंग जीझस’ हे खपाचे उच्चांक गाठणारे पुस्तक आले. त्यात हीच कथा ठळक उदाहरण म्हणून आहे. अरमन आता स्वतःला अज्ञेयवादी म्हणवतात. पण श्रद्धा सुटण्याचे मुख्य कारण हस्तलिखिते नसून जगातील दुःखाचा प्रश्न आहे, असे ते स्वतः सांगतात.

चर्चमध्ये ती वाचावी का?

इथे तीन प्रश्न वेगळे करावे लागतात. कथा योहानाने लिहिली का? तो प्रसंग घडला का? आणि ती धर्मग्रंथाचा भाग आहे का? पहिला प्रश्न पोथ्यांचा आहे, दुसरा इतिहासाचा आणि तिसरा श्रद्धासमूहाचा. पहिल्याचे उत्तर ‘नाही’ आले म्हणून उरलेल्या दोन्हींचे उत्तर आपोआप ‘नाही’ होत नाही.

कॅथोलिक परंपरेत तिसऱ्या प्रश्नाची दिशा १५४६ मध्येच ठरली. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने व्हल्गेटमधील पुस्तके त्यांच्या सर्व भागांसह पवित्र मानली. त्यामुळे रेमंड ब्राऊन यांच्यासारखा कॅथोलिक धर्मगुरू १९६६ च्या आपल्या भाष्यात कथा योहानाची नाही असे म्हणू शकला आणि तरीही तिला धर्मग्रंथाचा भाग मानू शकला. ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळातील पाचव्या रविवारी, तीन वर्षांच्या चक्रात एकदा, कॅथोलिक चर्चमध्ये ही कथा आजही वाचली जाते.

प्रोटेस्टंटांपुढचा पेच अधिक अवघड आहे. धर्मग्रंथ हाच सर्वोच्च आधार आणि मूळ लेखकाने लिहिले तेच धर्मग्रंथ, असे मानले तर या १२ वचनांवर प्रवचन कसे द्यायचे? हस्तलिखितांच्या छायाचित्रणासाठी संस्था उभारणारे डॅनियल वॉलेस यांनी या कथेला आपला लाडका, पण बायबलमध्ये नसलेला उतारा म्हटले आहे. बहुतेक आधुनिक भाषांतरांनी मधला मार्ग काढला आहे. कथा छापायची, पण कंसात किंवा तळटीप देऊन.

मराठी वाचकाला हे ओळखीचे का वाटेल?

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले आणि १९६६ मध्ये ते पूर्ण केले. वि. स. सुकथनकरांनी त्याची पद्धत बसवली आणि एकूण १,२५९ हस्तलिखिते तपासली गेली. व्यासांनी सांगितले आणि गणपतीने लिहून घेतले, ही घरोघरी माहीत असलेली कथा त्या आवृत्तीच्या मुख्य पाठात नाही. ती परिशिष्टात आहे. म्हणून कोणी ती मुलांना सांगायची थांबवली नाही. त्याआधी १५८४ मध्ये संत एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून पाठशुद्धी केली, तीही पोथीत शिरलेला परका मजकूर दूर करण्यासाठीच.

अर्थात, तुलना काही अंतरापर्यंतच चालते. ख्रिस्ती धर्मात कोणती पुस्तके पवित्र आणि कोणती नाहीत, याची बांधीव यादी आहे. त्यामुळे बारा वचने आत की बाहेर, हा प्रश्न तिथे जास्त टोकदार होतो. मराठीतही तो प्रत्येक अनुवादकापुढे उभा राहतो. हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर करणाऱ्या पंडिता रमाबाई असोत की ‘सुबोध बायबल’साठी साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळवणारे फादर फ्रान्सिस दिब्रिटो, हातात कोणता मूळ पाठ घ्यायचा, हे आधी ठरवावेच लागते.

‘बायबलमध्ये भेसळ’ असे कोणी म्हटले तर?

असे मेसेज समाजमाध्यमांवर दोन्ही हेतूंनी फिरतात, कधी चिडवण्यासाठी, कधी घाबरवण्यासाठी. त्यात सहसा पुढची माहिती नसते. पोथ्यांमधील असंख्य फरकांपैकी बहुतेक शुद्धलेखनाचे आणि शब्दक्रमाचे आहेत. नव्या करारात इतके मोठे वादग्रस्त उतारे दोनच : एक हा आणि दुसरा मार्ककृत शुभवर्तमानाचा शेवट. दोन्हींबद्दल अभ्यासाच्या बायबलांमध्ये उघडपणे लिहिलेले असते, लपवाछपवी नाही.

उलट, पाठ्यपुस्तके लिहिणाऱ्या श्रद्धावंतांनी आपल्या लाडक्या कथेविरुद्धचा पुरावा स्वतःच छापला, हे लक्षात घेण्याजोगे आहे. वाद संपलेला नाही. पण आपल्या घरातील बायबलमध्ये योहानाचा आठवा अध्याय उघडून कंस किंवा तळटीप आहे का, हे कोणालाही पाहता येईल. असेल, तर त्या एका ओळीमागे अठराशे वर्षांच्या पोथ्या आणि आजही चालू असलेली चर्चा आहे.