फाइल थेट पाठवायची, पण कनेक्शनच होत नाही? दोष तुमच्या राउटरचा नसूही शकतो

तळवडे किंवा भोसरीतल्या एखाद्या छोट्या वर्कशॉपचा विचार करा. डिझायनर घरून काम करतोय आणि त्याला दोन-तीन जीबीचं कॅड ड्रॉइंग चाकणमधल्या पीसीवर पाठवायचं आहे. ईमेलवर एवढी फाइल जात नाही, फुकटचं क्लाउड भरलंय, आणि ग्राहक कंपनीचं ड्रॉइंग तिसऱ्याच कुणाच्या सर्व्हरवर ठेवायची मालकाची तयारी नाही. मग कुणीतरी सुचवतं, ‘सिंकथिंग टाका, किंवा टॉरेंट बनवा. फाइल थेट एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर जाईल.’

अ‍ॅप दोन्हीकडे बसतं. पण स्क्रीनवर ‘डिस्कनेक्टेड’ दिसत राहतं, किंवा जोडलं गेलंच तर वेग इतका कमी की चाकणच्या तळेगाव चौकातल्या ट्रॅफिकमधूनही पेनड्राइव्ह आधी पोहोचेल. यावर लोक सहसा दोन गोष्टी करतात: १०० एमबीपीएसचा प्लॅन ३०० चा करतात किंवा नवा राउटर आणतात. दोन्हींचा बऱ्याचदा काहीही उपयोग होत नाही, कारण अडचण वेगाची नसून पत्त्याची असते.

पत्त्याची अडचण म्हणजे काय?

वेबसाइट उघडताना तुमचा लॅपटॉप सर्व्हरला हाक मारतो आणि सर्व्हर उत्तर देतो. पीअर-टू-पीअरमध्ये मधला सर्व्हर नसतो. दोन घरगुती कॉम्प्युटर एकमेकांशी थेट बोलतात, म्हणजे त्यांतल्या एकाने तरी बाहेरून आलेली हाक ऐकली पाहिजे. गोची तिथेच होते.

घरातल्या लॅपटॉपचा, मोबाइलचा, टीव्हीचा पत्ता १९२.१६८ ने सुरू होतो, तो फक्त घरापुरता. बाहेरच्या जगाला दिसतो तो राउटरचा एकच पत्ता. हाउसिंग सोसायटीत कुरिअर येतं तसंच हे. पाकिटावर फक्त सोसायटीचं नाव असेल आणि फ्लॅट नंबर नसेल, तर वॉचमन ते परत पाठवतो. तुम्ही स्वतः बाहेरून काही मागवलं असेल, तर तुमचं नाव त्याच्या वहीत असतं आणि पाकीट वर येतं. राउटर हीच वही ठेवतो. या व्यवस्थेला नॅट म्हणतात. ‘अमुक पोर्टवर कुणी आलं तर या लॅपटॉपकडे पाठव’ असं राउटरला आधीच सांगून ठेवणं म्हणजे पोर्ट फॉरवर्डिंग. यूपीएनपी नावाची सोय चालू असेल, तर अ‍ॅप स्वतःच राउटरला हे सांगतं.

इथपर्यंत चावी तुमच्या हातात असते. पण आज अनेक कनेक्शनवर सोसायटीच्या गेटबाहेर टाउनशिपचं आणखी एक गेट असतं, आणि तिथला वॉचमन इंटरनेट कंपनीचा असतो.

हे दुसरं गेट आलं कुठून?

आयपीव्ही४ या जुन्या पद्धतीत जगभरात मिळून साधारण ४२९ कोटीच पत्ते आहेत. ३ फेब्रुवारी २०११ रोजी आयाना या जागतिक संस्थेकडचे शेवटचे मोठे गठ्ठे पाच खंडांतल्या संस्थांना वाटून झाले. त्याच वर्षी १५ एप्रिलला आशिया-पॅसिफिकसाठी पत्ते वाटणाऱ्या एपनिकचा साठाही तळाला गेला आणि तिथून रेशनिंग सुरू झालं. भारतात स्वस्त डेटा आणि घरोघरी फायबर आलं ते त्यानंतर. म्हणजे चिखली, मोशी, चाकणच्या नव्या इमारतींत कनेक्शन पोहोचली तेव्हा पत्ते आधीच संपत आले होते.

त्यावर कंपन्यांनी काढलेला तोडगा म्हणजे सीजीनॅट, एकाच सार्वजनिक पत्त्यामागे अनेक ग्राहक. एका पत्त्याला ६५ हजारांहून जास्त पोर्ट असतात, ते ग्राहकांत वाटले जातात. यासाठी २०१२ मध्ये १००.६४.०.० ते १००.१२७.२५५.२५५ हे पत्ते खास राखून ठेवले गेले. ग्राहकाला फरक जाणवत नाही. यूट्यूब चालतं, यूपीआय चालतं. फक्त बाहेरून आत येणारी हाक कंपनीच्या गेटवरच थांबते. घरच्या राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग कितीही बरोबर केलं, तरी ती तुमच्यापर्यंत पोहोचतच नाही.

टॉरेंटमध्ये याची खूण ओळखीची आहे: डाउनलोड चालतं, पण अपलोड जवळपास शून्य. तुम्ही इतरांकडे जाऊ शकता, इतर तुमच्याकडे येऊ शकत नाहीत. समोरचाही अशाच दुहेरी गेटामागे असेल, तर दोघांची थेट भेट होणं फार अवघड.

आपण सीजीनॅटमागे आहोत का, हे कसं कळेल?

पाच मिनिटांचं काम आहे. राउटरच्या सेटिंग पानावर (बहुतेक वेळा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१) ‘वॅन’ किंवा ‘इंटरनेट’ या विभागात दिसणारा आयपी लिहून घ्या. मग ब्राउझरमध्ये ‘व्हॉट इज माय आयपी’ शोधा आणि तिथे येणारा आयपीव्ही४ पत्ता त्याच्याशी ताडून पाहा. दोन्ही सारखे असतील, तर पत्ता तुमचा आहे आणि अडचण घरातच आहे. वॅनचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ मधला असेल, तर सीजीनॅट.

तिसरी शक्यता फसवी आहे. वॅनचा पत्ता १९२.१६८ किंवा १० ने सुरू होत असेल, तर बऱ्याचदा गेटं दोन असतात, पण दोन्ही तुमच्याच घरात. फायबरवाल्याने लावलेला डबा, म्हणजे ओएनटी, हाही राउटरचंच काम करतो. त्याला आपण आणलेला राउटर जोडला की नॅटवर नॅट बसतं. ओएनटी ब्रिज मोडमध्ये टाकायला सांगा, किंवा आपला राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून चालवा. ओएनटीच्या पानावरही खासगीच पत्ता दिसला, तर मात्र गेट कंपनीचं.

हे सगळं राउटरच्या पानावर बघायचं, लॅपटॉपवर नाही. टेलस्केलसारखं अ‍ॅप चालू असेल, तर लॅपटॉप स्वतःच १०० ने सुरू होणारा पत्ता दाखवतो आणि उगाच गोंधळ होतो.

अडचण घरातच असेल तर?

मग कारणं साधी असतात. विंडोजने घरच्या वायफायला ‘पब्लिक’ मानलं असेल, तर फायरवॉल आत येणाऱ्या जोडण्या अडवते. नेटवर्क ‘प्रायव्हेट’ करा आणि फायरवॉलमध्ये त्या अ‍ॅपला परवानगी द्या. एकाच घरातले दोन लॅपटॉप एकमेकांना दिसत नसतील, तर एखादा गेस्ट वायफायवर आहे का ते पाहा. गेस्ट नेटवर्क उपकरणांना मुद्दाम वेगळं ठेवतं. हिंजवडीच्या कंपनीचा लॅपटॉप असेल आणि ऑफिसचा व्हीपीएन चालू असेल, तर तोही शेजारचा लॅपटॉप दिसू देत नाही. तिथे सेटिंग बदलायच्या भानगडीत न पडलेलं बरं.

काल चालत होतं आणि आज बंद, याचं कारण बऱ्याचदा वीज. एमआयडीसी भागात गुरुवारी औद्योगिक सुट्टी असते आणि दुरुस्तीसाठी वीजही त्याच दिवशी जाते. राउटर पुन्हा चालू झाला की लॅपटॉपला घरातला नवा पत्ता मिळू शकतो, आणि पोर्ट फॉरवर्डिंग मात्र जुन्याच पत्त्याकडे बोट दाखवत राहतं. राउटरमध्ये त्या लॅपटॉपसाठी पत्ता राखून ठेवला की हा त्रास थांबतो. पोर्ट उघडा आहे का हे वेबसाइटवर तपासताना अ‍ॅप चालू हवं, नाहीतर सगळं बरोबर असूनही ‘क्लोज्ड’ असंच उत्तर येतं.

सीजीनॅटच असेल तर?

एक उत्तर वर्कशॉपच्या भिंतीवरच टांगलेलं असतं. कित्येक सीसीटीव्ही डीव्हीआरवर ‘पी२पी’ लिहिलेलं असतं. क्यूआर कोड स्कॅन केला की मालकाला घरबसल्या मोबाइलवर शॉपफ्लोअर दिसतो, सीजीनॅट असूनही. कारण डीव्हीआर आणि मोबाइल दोघंही कंपनीच्या सर्व्हरला आतून हाक मारतात, आणि तो सर्व्हर दोघांची गाठ घालून देतो. जमलं तर पुढचं थेट, नाहीतर सगळं त्या सर्व्हरमार्गे. सिंकथिंग हेच करतं. थेट जमलं नाही तर ते रिले सर्व्हर वापरतं, आणि सुरुवातीला म्हटलेला मंद वेग तिथून येतो. फाइल एन्क्रिप्टेड असल्याने रिले चालवणाऱ्याला ती वाचता येत नाही, त्यामुळे ड्रॉइंग फुटण्याची भीती नाही. वेळ मात्र जातो.

थेट वेग हवा असेल, तर दोन्हींपैकी एकच टोक मोकळं असलं तरी पुरतं. म्हणून दोन्हीकडे पैसे घालण्याची गरज नाही. वर्कशॉपच्या कनेक्शनला स्टॅटिक आयपी घ्या (कंपन्या त्यासाठी वेगळे पैसे घेतात), तिथे सिंकथिंगचा २२००० पोर्ट फॉरवर्ड करा, आणि घरचा लॅपटॉप स्वतःहून तिथे जोडला जाईल.

बिनपैशाचा मार्ग म्हणजे आयपीव्ही६. त्यात पत्त्यांची टंचाईच नाही, प्रत्येक उपकरणाला स्वतंत्र सार्वजनिक पत्ता मिळू शकतो. याच्या वापरात भारत जगात आघाडीच्या देशांत आहे आणि त्यात २०१६ मध्ये आलेल्या जिओचा मोठा वाटा आहे. तुमच्या राउटरमध्ये ते बंद असेल, तर चालू करा. दोन्ही टोकांना आयपीव्ही६ हवं, आणि राउटरची फायरवॉल इथेही बाहेरची हाक अडवते, त्यामुळे तेवढा एक पोर्ट मोकळा करावा लागतो.

वैतागून काही जण राउटरमधला ‘डीएमझेड’ पर्याय चालू करतात आणि अख्खा लॅपटॉप किंवा डीव्हीआर इंटरनेटसमोर उघडा टाकतात. २०१६ मध्ये मिराय नावाच्या मालवेअरने असेच उघडे, कंपनीचा मूळ पासवर्ड न बदललेले कॅमेरे आणि डीव्हीआर लाखांच्या संख्येने ताब्यात घेतले होते, आणि त्यांच्या जोरावर २१ ऑक्टोबरला अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट काही तास अडवून धरल्या होत्या. उघडायचा तो एकच पोर्ट, एकाच अ‍ॅपसाठी.

इंटरनेटवाल्याला फोन कराल तेव्हा ‘नेट स्लो आहे’ असं सांगू नका, तो केबल बदलून जाईल. ‘मला सीजीनॅटच्या बाहेरचा पब्लिक आयपी हवा आहे, आणि आयपीव्ही६ चालू आहे का ते सांगा,’ एवढंच विचारा. कॉल घेणाऱ्याला हे शब्द कळले नाहीत, तर टेक्निकल विभागाकडे कॉल द्यायला सांगा.