शुक्रावरील पाषाणांची पारख

सूर्यास्तानंतर पश्चिमेस किंवा सूर्योदयापूर्वी पूर्वेस जो अत्यंत तेजस्वी तारा दिसतो, तो वस्तुतः तारा नसून शुक्र हा ग्रह होय. आकाराने तो जवळजवळ पृथ्वीएवढाच आहे. परंतु साम्य तेथेच संपते. त्याची भूमी सुमारे ४६० अंश सेल्सिअसपर्यंत तापलेली असते. शिसे ३२७ अंशांस वितळते, हे लक्षात घेतले म्हणजे या उष्णतेची कल्पना येईल. वातावरणाचा दाब पृथ्वीवरील दाबाच्या सुमारे नव्वद पट, हवा बहुतांशी कार्बन डायऑक्साइडची आणि वर गंधकाम्लाच्या ढगांचे अखंड आच्छादन! सोव्हिएत संघाचे ‘व्हेनेरा १३’ हे यान १९८२ साली तेथे उतरले, तेव्हा ते अवघी १२७ मिनिटे टिकले. आणि तेवढाही काळ टिकणे हा पराक्रमच मानला गेला.

अशा ठिकाणचे दगड कोणत्या जातीचे आहेत, हे दुरून कसे ओळखावे? ढगांतून साधा प्रकाश आरपार येत नाही. रडारच्या लहरी येतात. १९९० ते १९९४ या काळात ‘मॅगेलन’ यानाने त्यांच्या साहाय्याने शुक्राचे डोंगर, दऱ्या व विवरे यांचे नकाशे तयार केले. या स्थळांना स्त्रियांची व देवतांची नावे देण्याचा प्रघात आहे. तेथील एका विशाल पठाराचे नाव ‘लक्ष्मी’ आहे, तर एका विवरास डॉ. आनंदीबाई जोशी यांचे नाव लाभले आहे. पण रडार भूमीचा उंचसखलपणा सांगते. दगडाची जात सांगत नाही.

ते काम अवरक्त किरण करू शकतात. हे किरण डोळ्यांना दिसत नाहीत. १८०० साली विल्यम हर्शेल याने त्यांचा शोध लावला. लोहाराच्या भट्टीतून काढलेल्या लोखंडाची लाली मावळते, तरीही जवळ हात नेला असता धग लागते. ती धग मुख्यतः याच किरणांची असते. तापलेला पदार्थ सुमारे ५२५ अंशांस अंधारात मंद लाल दिसू लागतो. शुक्राची भूमी त्या मर्यादेच्या थोडी खाली आहे. डोळ्यांना ती काळीच दिसेल, परंतु अवरक्त किरण मात्र सतत बाहेर टाकत असते. शुक्राची हवा यांतील बहुतेक किरण शोषून घेते. सुदैवाने एक मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या, आसपास लहरलांबीच्या काही अरुंद खिडक्या उघड्या आहेत. रात्रीच्या बाजूस भूमीची धग त्यांतून बाहेर पडते. ढगांमुळे चित्र धूसर होते खरे, पण ते मिळते.

आता एक साधा प्रयोग पाहावा. काजळी धरलेले एक भांडे आणि घासून लखलखीत केलेले एक पितळी भांडे घेऊन दोहोंत सारखेच कढत पाणी भरावे. काजळीचे भांडे लवकर निवते. जो पदार्थ किरण चांगले शोषतो, तोच ते चांगले बाहेरही टाकतो. हा नियम किरखॉफ या जर्मन शास्त्रज्ञाने १८६० च्या सुमारास मांडला. दगडांनाही हाच नियम लागू आहे. आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ म्हणजे बेसॉल्ट. त्यात लोह पुष्कळ असते. समान तापमान असताना फिकट ग्रॅनाइटपेक्षा तो एक मायक्रॉनजवळ अधिक किरण देतो. पूर्ण काळ्या पदार्थाच्या मानाने दगड किती किरण देतो, त्या प्रमाणास ‘उत्सर्जकता’ असे म्हणतात.

मग गार दगडावर प्रकाश टाकून, तो किती परावर्तित होतो एवढेच मोजले तर? दुर्दैवाने दगड तापला की त्याचे गुण पालटतात. तांबडा गेरू तापवला म्हणजे काळपट होतो आणि निवल्यावर पुन्हा तांबडा दिसतो. म्हणून दगड शुक्राइतका तापवूनच मोजावा लागतो. जर्मनीत बर्लिन येथील अवकाश संशोधन केंद्राच्या प्रयोगशाळेत हे काम चालते.

तेथे दगडाचा तुकडा किंवा चुरा पोलादी वाटीत घालून ती वाटी निर्वात पेटीत ठेवतात. भोवतीच्या तांब्याच्या वेटोळ्यातून वेगाने दिशा बदलणारा विद्युत्प्रवाह सोडला की वाटी स्पर्शावाचून तापते. पेटीच्या भिंती आतून काळ्या रंगवून पाण्याने गार राखतात. नाहीतर भिंतींचीच धग दगडाच्या धगेत मिसळायची. वाटीचे किरणही मापनात शिरणार नाहीत, याची दक्षता घ्यावी लागते. एका फिरत्या चकतीवर अनेक वाट्या मांडलेल्या असतात, त्यामुळे पेटी न उघडता एकामागून एक नमुने तपासता येतात.

सर्वांत अवघड काम तापमान मोजण्याचे आहे. दगड हा उष्णतेचा मंद वाहक. तळाशी तो अधिक तापलेला असतो आणि वरच्या बाजूस कमी. किरण तर वरच्या पृष्ठभागावरूनच येतात! शुक्राच्या तापमानास एक मायक्रॉनजवळ केवळ १० अंशांचा फरक पडला, तरी किरणांचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी बदलते. मग हा फरक दगडाच्या जातीचा, की मोजणाऱ्याच्या चुकीचा? प्रत्यक्ष शुक्रावरही हीच अडचण येते. तेथे एक किलोमीटर चढले की तापमान सुमारे ८ अंशांनी उतरते. म्हणून यानाने मोजलेली धग रडारच्या नकाशातील उंचीशी ताडून पाहावी लागते.

एवढा खटाटोप कशासाठी? पृथ्वीवर ग्रॅनाइटचे मोठे साठे तयार होण्यास पाण्याची मदत लागते. शुक्रावरील जुनी, सुरकुतलेली पठारे ग्रॅनाइटसारख्या खडकाची निघाली, तर या भाजलेल्या ग्रहावर कधीकाळी समुद्र होते, या तर्कास मोठे बळ मिळेल. युरोपच्या ‘व्हीनस एक्सप्रेस’ यानाने २००६ ते २०१४ पर्यंत शुक्राभोवती फिरून हे किरण टिपले. त्यांत ‘इडुन’ नावाच्या ज्वालामुखीच्या उतारावरील लाव्हा सभोवतालच्या भूमीपेक्षा अधिक किरण देताना आढळला. शुक्राच्या हवेत दगडाचा पृष्ठभाग हळूहळू पालटतो. हा मात्र अद्याप पालटलेला नसावा. त्यावरून २०१० साली शास्त्रज्ञांनी अनुमान काढले की, त्याचे वय २५ लाख वर्षांहून अधिक नाही. खडकांच्या हिशेबाने हे कालपरवाचेच म्हणावयाचे.

शुक्राकडे धाडण्यासाठी ‘व्हेरिटास’ व ‘एन्व्हिजन’ या दोन मोहिमांची निवड २०२१ साली झाली. या मोहिमांतील उपकरणे त्याच अरुंद खिडक्यांतून दगडांची धग मोजणार आहेत. ऑगस्ट २०२३ मध्ये ‘व्हेरिटास’च्या शास्त्रज्ञांनी आइसलँडमधील ज्वालामुखींच्या प्रदेशात जाऊन नवा-जुना लाव्हा तपासला आणि त्याचे तुकडे प्रयोगशाळेत मोजण्यासाठी गोळा केले.